दोरीपासून मोटरपर्यंत: बदकांच्या डिकॉयमध्ये हालचाल कशी आणायची

ऑक्टोबरात मिनेसोटा, विस्कॉन्सिन, डकोटाच्या तळ्यांवर एखादी सकाळ अशी उगवते की वारा ठार पडलेला असतो, आकाशात ढगाचा ठिपका नसतो आणि पाण्यावर एक सुरकुती नसते. दोन डझन डिकॉय, म्हणजे खऱ्यांना भुलवायला पाण्यावर ठेवलेली नकली बदकं, व्यवस्थित मांडलेले, लपण चांगलं, कॉलवर, म्हणजे बदकाचा आवाज काढायच्या शिट्टीवर, हातही बऱ्यापैकी बसलेला. तरी बदकं दीडशे यार्डांवरून एक घिरटी घालतात आणि निघून जातात. नवख्याला वाटतं, आपला आवाज चुकला. आवाज बहुधा ठीकच असतो. वरच्या मॅलार्डला (इथलं नेहमीचं रानबदक) खाली चोवीस बदकं दिसली आणि त्यातलं एकही हललं नाही, एवढंच घडलेलं असतं.

खरा थवा पाण्यावर कसा असतो ते एकदा शिकारीविना, नुसती दुर्बीण घेऊन तासभर बघा. एक बूड वर करून चिखलात चोच घालतंय, दोघं पंख साफ करतायत, एक उगाच दुसऱ्याच्या मागे लागलंय, मधूनच एखादं पाण्यावर उभं राहून पंख फडफडवतंय. प्रत्येक बदकाभोवती लाटांचं कडं आणि कडी एकमेकांत मिसळलेली. उंचावरून येणाऱ्या थव्याला लांबून दिसतं ते हे हलणारं पाणी. एकेका बदकाचा रंग नंतर. म्हणून या लेखाचा सगळा भर पाणी हलवण्यावर आहे. बदक हलवणं हे त्यासाठीचं साधन.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. बदकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मॅलार्डला मान न वळवता चारी बाजूंचं आणि डोक्यावरचंही जवळजवळ सगळं दिसतं. डिकॉयची हालचाल त्याला दिसते तशीच तुमच्या कोपराची हालचालही दिसते. दोरी ओढणारा हात लपणाच्या काठाखाली राहिला पाहिजे.

आधी कागदपत्रं

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे, ज्यांना ऑफिसातल्या किंवा शेजारच्या कुणी "येतोस का या शनिवारी?" म्हणून विचारलंय. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली रानबदकांची शिकार हा गुन्हा आहे. उजनी, जायकवाडी, नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात जे तलवार बदक आणि थापट्या आपण बघतो, त्याच जातींची बदकं इथे पिनटेल आणि शोव्हलर म्हणून शिकारीच्या यादीत आहेत. पण इथली मोकळीक इथल्याच पाण्यापुरती. सुट्टीत गावी गेल्यावर तळ्यावर यातलं काही करून बघायचा विचारही नको.

इथे लागतं ते असं: राज्याचा शिकार परवाना, स्थलांतरित पक्ष्यांसाठीची एचआयपी (हार्वेस्ट इन्फर्मेशन प्रोग्रॅम) नोंदणी आणि वय १६ किंवा त्याहून जास्त असेल तर २५ डॉलरचा फेडरल डक स्टँप. हा स्टँप १९३४ पासून निघतोय आणि त्याच्या पैशातून पाणथळ जागा विकत घेतल्या जातात, त्यामुळे तो घेताना हात आखडू नये. बऱ्याच राज्यांत हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय परवानाच मिळत नाही. मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो लागतो. बंदूक म्हणजे शॉटगन, आपल्याकडे बारा बोअर म्हणतात तीच चालते, पण तिच्यात एकूण तीनपेक्षा जास्त काडतुसं बसता कामा नयेत. आणि शिशाचे छर्रे चालत नाहीत. १९९१ पासून देशभर पाणपक्ष्यांसाठी स्टील किंवा बिस्मथसारखे बिनविषारी छर्रेच वापरावे लागतात.

एच-१बी, एल-१, एफ-१ वर असणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं फेडरल कायद्याने मना आहे. त्याला मोजके अपवाद आहेत आणि इथल्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना हा त्यातला एक. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. मित्राची बंदूक "जरा धर" म्हणून हातात घेणंही यात येतं. तेव्हा आधी परवाना, मग बंदूक, आणि शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला एक फोन. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

फुकटची हालचाल

खर्च करण्यापूर्वी आहे त्या डिकॉयकडून काम करून घ्या. ताशी पाच-सात मैलांचा वारा असला तरी डिकॉय डुलायला हवेत. डुलत नसतील तर बांधणीत खोट आहे.

पहिली खोट डिकॉयला तळाच्या वजनाशी बांधणाऱ्या दोरीच्या लांबीत असते. पाणी दोन फूट खोल आणि दोरीही दोन फूट, मग डिकॉय जागच्या जागी खिळून राहतो. चार-पाच फूट दोरी द्या, म्हणजे तो वाऱ्यावर डावी-उजवीकडे झोके घेतो. त्याहून जास्त दिलीत तर शेजारच्याशी गुंता ठरलेला. दुसरी गोष्ट कील, म्हणजे डिकॉयच्या पोटाखालची उभी पट्टी. वजन भरलेल्या कीलचा डिकॉय कसाही फेका, सरळ बसतो, पण हलक्या वाऱ्यात सुस्त असतो. पोकळ कीलमध्ये पाणी शिरतं, तो हलका असतो आणि चांगला नाचतो. मात्र जोराच्या वाऱ्यात कधीकधी कलंडतो. दोन्ही प्रकार थोडे थोडे ठेवले की निम्मं काम झालं.

तिसरी युक्ती कुणी सांगत नाही. कीलला पुढे आणि मागे अशी दोन भोकं असतात. सगळे जण पुढच्या भोकात दोरी बांधतात, त्यामुळे सगळ्या चोची वाऱ्याकडे. जोराच्या वाऱ्यात खरी बदकंही तशीच बसतात, पण मंद वाऱ्यात ती कुठेही तोंड करून असतात. चार-पाच डिकॉयची दोरी मागच्या भोकात बांधा. थव्याची कवायत मोडते.

ओढदोरी: हीच आधी शिका

इंग्रजीत हिला जर्क कॉर्ड किंवा जर्क रिग म्हणतात. एका टोकाला पाण्यात रोवलेली खुंटी, खुंटीला रबरी बंजी, बंजीला लांब दोरी, दोरीवर तीन ते पाच डिकॉय आणि दुसरं टोक तुमच्या हातात. ओढलं की बदकं पुढे येतात, सोडलं की बंजी त्यांना मागे खेचते. बॅटरी नाही, मोटर नाही, बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही. दुकानात तयार किट मिळतं, घरी केलं तर वीस-तीस डॉलरांत होतं. मी घरी करायलाच सांगेन, कारण पहाटे पाचला अंधारात गाठ सुटली तर ती कुठली आणि कशी बांधली होती हे ठाऊक असलेलं बरं.

दोरीची निवड महत्त्वाची. हार्डवेअरच्या दुकानातली पिवळी किंवा निळी पॉलिप्रॉपिलीनची दोरी घेऊ नका. ती पाण्यावर तरंगते, वरून रेघ मारल्यागत दिसते आणि कुत्र्याच्या पायात अडकते. नायलॉनची वेणीची दोरी बुडते. मासेमारीच्या दुकानात डांबर चढवलेली काळपट नायलॉन दोरी मिळते, ती उत्तम: फारशी ताणत नाही, कुजत नाही, गाठ धरते. शंभर फूट पुरे. बंजी पाव इंच जाडीची, सहा ते दहा फूट. खुंटीसाठी लोखंडी गज किंवा जाड पाइप, पाण्याच्या खोलीपेक्षा निदान दोन फूट लांब, म्हणजे तेवढा चिखलात जाईल. तळ खडकाळ असेल तर खुंटीऐवजी नांगर, पण तो निदान पाच पौंडांचा हवा. हलका असेल तर दहा वेळा ओढल्यावर सगळी वरात तुमच्या पायाशी येऊन थांबते.

बंजीच्या टोकापासून दोन-तीन फूट सोडून मुख्य दोरीवर दर चार फुटांवर एक लहान फास बांधा, असे चार-पाच. प्रत्येक डिकॉयच्या कीलच्या पुढच्या भोकात दीड फुटाचा दोरीचा तुकडा बांधून त्याच्या टोकाला स्नॅप स्विव्हल लावा. गळाला लावतात तेच, फक्त मोठ्या मापाचं. स्विव्हल गोल फिरतं म्हणून दोरीला पीळ पडत नाही, आणि चार फुटांवर दीड-दीड फुटांचे तुकडे असल्याने शेजारच्या दोऱ्या एकमेकींपर्यंत पोचत नाहीत. या डिकॉयची तळाची वजनं काढून टाका. जुने, हलके, रंग उडालेले डिकॉय इथे छान चालतात. हलत्या बदकाचा रंग कोण बघतंय! त्यात एखादा बूड वर केलेला, चरणारा डिकॉय असेल तर ओढल्यावर त्याच्याभोवती पाणी चांगलं उसळतं.

आता मांडणी. बदकं नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उतरतात. म्हणून लपण अशा जागी निवडा की वारा पाठीवर किंवा फार तर खांद्यावर असेल. डिकॉय इंग्रजी 'यू' सारखे लावतात, उघडी बाजू वाऱ्याच्या उलट दिशेला, म्हणजे तुमच्यापासून लांबच्या टोकाला, आणि मधे उतरायला मोकळं पाणी. ओढदोरी या 'यू' च्या एका हाताला धरून, मोकळ्या पाण्याच्या कडेने न्या. मधोमध नेऊ नका. उतरण्याच्या जागेवर दोरी आणि खळबळ असेल तर बदकं तिथे पाय टेकत नाहीत.

खुंटी रोवा, बंजी पाण्याच्या पातळीखाली बांधा, दोरी सोडत सोडत लपणाकडे या आणि येता येता डिकॉय अडकवा. लपणापाशी दुसरी लहान खुंटी ठोकून तिला पाण्याखाली एक कडी बांधा आणि दोरी त्या कडीतून ओवून मग हातात घ्या. हे बरेच जण टाळतात. कडी नसेल तर ओढताना दोरी तुमच्या हाताच्या उंचीपासून तिरपी पाण्यात जाते आणि दर झटक्याला हवेत उठून चमकते. कडी असली की दोरी सगळा वेळ पाण्याखाली. दोरी नुसती ताठ असावी. बंजीला खरा ताण तुम्ही ओढाल तेव्हाच यावा. खुंटी तीस यार्डांच्या आत ठेवा, म्हणजे तिचा आणखी एक उपयोग होतो: खुंटीच्या फार पलीकडचं बदक नवख्याने सोडून द्यावं. स्टीलचे छर्रे लांबवर जोर धरत नाहीत आणि जखमी होऊन पाणकणसांत शिरलेलं बदक शोधणं वाईट काम आहे.

दोरीचं टोक लपणाच्या खांबाला बांधा. मनगटाला गुंडाळू नका, पायात फास घालू नका. कुत्रा दोरीत अडकून पळाला किंवा बोट सरकली तर भरलेल्या बंदुकीजवळ तुमचा तोल जायला नको. दोरी ओढायचं काम सकाळीच एकाकडे सोपवा, आणि त्याने बंदूक सेफ्टी लावून, नळी बाहेरच्या बाजूला करून, टेकवून ठेवावी. एका हातात दोरी आणि दुसऱ्या हातात बंदूक, असं नको.

हात कधी चालवायचा

सामान कुणीही बांधेल, फरक पडतो तो हातामुळे. नवीन माणूस दोरी हातात आली की ती पंपासारखी चालवत सुटतो, एका लयीत, बदकं डोक्यावर असली तरी. खऱ्या थव्यात लय नसते. दोन झटके, थांबा, एक लांब ओढ, बराच वेळ काही नाही, मग तीन झटके. असं बेशिस्त चालू द्या.

थवा लांब, दोनशे यार्डांपलीकडे, क्षितिजावर ठिपके असताना मनसोक्त ओढा. दोन-तीन फुटांची ओढ, पाणी उडालं तरी हरकत नाही. एवढ्या लांबून लाटाच काय त्या नजरेत भरतात. थवा वळला आणि तुमच्याकडे यायला लागला की ओढ लहान करा, फूटभराची. लाटा चालू राहाव्यात, पाणी उडायला नको.

मग घिरट्या सुरू होतात, आणि जुनी जाणती मंडळी इथे एक नियम सांगतात जो कॉललाही लागू आहे: शेपट्या आणि पंखांची टोकं दिसली की वाजवा, चोची दिसल्या की गप्प. थवा तुमच्याकडे पाठ करून चाललाय, वळताना एका बाजूचा पंख खाली झालाय, तेव्हा दोरी ओढा. परत बघितल्यावर त्यांना हलतं पाणी दिसलं पाहिजे. थवा समोरून येतोय किंवा डोक्यावरून जातोय, तेव्हा हात थांबवा. वरून सरळ खाली बघणाऱ्या बदकाला एका रेषेत एकदम पुढे सरकणारी चार बदकं आणि एकदम मागे खेचली जाणारी तीच चार बदकं खटकतात. शिवाय तुमचं कोपर आणि वर केलेला चेहरा. टोपीच्या कडेखालून बघा, मान वर करून नव्हे.

शेवटची फेरी ओळखायला वेळ लागतो. पंख ताठ वाकवलेले, फडफड बंद, केशरी पाय खाली लोंबायला लागलेले. त्या क्षणी दोरी सोडा. सोडतानाही हळू, पतंगाला ढील देतात तशी. एकदम सोडलीत तर बंजी डिकॉयना हिसका देऊन मागे नेते आणि ऐन उतरताना थवा बिचकतो. आधीच्या ओढीच्या लाटा आणखी काही सेकंद चालतातच, तेवढ्या पुरतात. थवा मोकळ्या पाण्याच्या अलीकडेच रेंगाळला, उतरू की नको अशा घोळात पडला, तर एक अगदी लहान झटका. मग पुन्हा थांबा.

चार डिकॉय ओढले की बाकीचे वीसही डुलतात, कारण लाट सगळ्यांखालून जाते. म्हणून ओढदोरीवर डझनभर डिकॉय लटकवायची गरज नाही. जास्त लावले की ओढणं जड होतं आणि गुंताच वाढतो. वारा ताशी दहा मैलांच्या वर गेला की दोरी बाजूला ठेवा, वारा फुकटात काम करतोय. अपवाद एकच, पाणकणसांच्या आडोशाचा कोपरा जिथे वारा पोचत नाही.

आर्कान्सासची लाथ

आर्कान्सासच्या स्टटगार्ट गावाच्या आसपास हिवाळ्यात ओकची जंगलं पाण्याखाली जातात आणि ओकची फळं खायला मॅलार्ड झाडांच्या शेंड्यांमधून खाली उतरतात. तिथे लपण बांधत नाहीत. माणूस गुडघाभर ते कंबरभर पाण्यात झाडाच्या बुंध्याला चिकटून सावलीत उभा राहतो आणि पायाने पाणी हलवतो. बस्स. डिकॉय अर्धा डझन असले तरी चालतात. उघड्या पाण्यापेक्षा झाडांमधल्या लहान मोकळ्या जागेत ही लाट जास्त परिणाम करते, कारण वरून बदकाला तेवढाच एक तुकडा दिसत असतो.

थवा शेंड्यांच्या वर घिरट्या घालतोय तोवर पाय चालू द्या, शेंड्यांच्या खाली आला की बंद. एक हात बुंध्यावर ठेवा. पाण्याखाली खोडं, मुळं आणि बीव्हरने केलेले खड्डे असतात. वेडर्सना, म्हणजे पाण्यात उभं राहायच्या छातीपर्यंतच्या जलरोधक विजारीला, कमरेचा पट्टा नेहमी घट्ट बांधा, म्हणजे पडलात तरी आत पाणी भरकन शिरत नाही. ही सूचना फक्त जंगलापुरती नाही.

फिरत्या पंखांचं बदक

सगळे ज्याची चौकशी करतात ते हे. खांबावर बसवलेलं बदक, पंखांची एक बाजू गडद आणि एक पांढरी, मोटरने पंख गरगरा फिरतात आणि लांबून उतरणाऱ्या बदकाच्या पंखांसारखी लुकलुक दिसते. स्पिनर म्हणतात, आणि एका कंपनीच्या नावावरून बरेच जण सरसकट मोजो म्हणतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात ही वस्तू आली आणि काही वर्षांत देशभर पसरली. मिनेसोटा आणि मॅनिटोबात शास्त्रज्ञांनी मोटर चालू-बंद करून रीतसर चाचण्या घेतल्या. पंख फिरत असताना मॅलार्ड टप्प्यात येण्याचं प्रमाण स्पष्टपणे वाढलं. इतकं, की हे न्याय्य आहे का यावर शिकाऱ्यांतच भांडणं लागली. काही राज्यांनी बंदी घातली, काहींनी नंतर उठवली.

त्यामुळे विकत घेण्याआधी त्या वर्षीची आपल्या राज्याची नियमपुस्तिका उघडा, मागच्या वर्षीची नव्हे. कॅलिफोर्नियात हंगाम सुरू झाल्यापासून ३० नोव्हेंबरपर्यंत मोटरने फिरणारे पंख चालत नाहीत. नैसर्गिक वाऱ्यावर फिरणारे चालतात. राज्याची परवानगी असली तरी एखाद्या सरकारी शिकारक्षेत्राचा स्वतःचा वेगळा नियम असू शकतो. फेडरल नियम मात्र सगळीकडे सारखे: जिवंत बदक डिकॉय म्हणून बांधणं आणि दाणे टाकून बदकं बोलावणं १९३५ पासून बंद आहे, आणि रेकॉर्ड केलेले बदकांचे आवाज स्पीकरवर वाजवता येत नाहीत. एखाद्या 'स्मार्ट' डिकॉयमध्ये हालचालीबरोबर आवाजही येत असेल तर तो दुकानातच राहू द्या.

वापरताना दोन-तीन गोष्टी. तो थव्याच्या मधोमध लावू नका. मोकळ्या पाण्याच्या कडेला, लपणापासून वीस यार्डांच्या आत, पाण्यावर दोन-तीन फूट उंच. बदकांची नजर शेवटी त्याच्यावर खिळते, म्हणून तो तुमच्या तोंडासमोर नको, जरा बाजूला असू द्या, म्हणजे नजरही बाजूला जाते. रिमोट असलेलाच घ्या. पैसे वाचवायला बिनरिमोटचा घेतला की त्याची खरी मजा गेली, कारण हाही ओढदोरीसारखाच वापरायचा असतो: लांब असताना चालू, घिरट्या सुरू झाल्या की मधूनमधून, थवा बिचकतोय असं वाटलं की बंद. एक पुरे. दोन-चार लावणाऱ्यांना लावू द्या.

आणि हंगाम ओळखा. सप्टेंबरमधले टील, म्हणजे लहान चणीची बदकं, या लुकलुकीवर अक्षरशः झेपावतात. ऑक्टोबरातली त्या वर्षी जन्मलेली मॅलार्डही फसतात. पण डिसेंबरात दक्षिणेकडे पोचलेला थवा कॅनडातल्या सस्कॅचेवानपासून खाली येताना तळ्यातळ्यावर हेच फिरते पंख बघत आलेला असतो. तो एक नजर टाकून वळतो. तेव्हा स्पिनर पिशवीत आणि दोरी हातात. कॅनडा गूज (रानहंस) येताना दिसले तरी स्पिनर बंद करा, त्यांना तो आवडत नाही. त्यांच्यासाठी काळ्या कापडाचा झेंडा लांबून दोनदा हलवून खाली ठेवतात.

स्पिनर शंभर ते दोनशे डॉलरांना पडतो. माझं मत विचाराल तर पहिला पूर्ण हंगाम दोरीवर काढा आणि मगच घ्या. दोरीने थव्याकडे बघायची सवय लागते, स्पिनर बटण दाबायची सवय लावतो.

बाकी मोटरची खेळणी पुष्कळ आहेत. थरथरणारे डिकॉय पाण्यावर बारीक नक्षी उठवतात, ती जवळच्या बदकांसाठी बरी. पोहणारे डिकॉय गोल गोल फिरून शेजाऱ्यांच्या दोऱ्या गोळा करतात. बूड वर करून पाणी फेकणारा पंपवाला डिकॉय मात्र वारा पडलेल्या दिवशी उपयोगी ठरतो, विशेषतः एकटे असाल आणि दोरी ओढायला दुसरा हात नसेल तर.

थंडी आणि आवराआवर

पारा गोठणबिंदूखाली गेला की सगळ्या गोष्टींचा स्वभाव बदलतो. बॅटरी लवकर बसते. ती रात्री घरात चार्ज करून सकाळी कोटाच्या आतल्या खिशातून न्या. स्पिनरच्या पंखांवर उडालेलं पाणी गोठलं की मोटर अडकते, म्हणून त्याला पाण्यापासून थोडा उंच ठेवा. डिकॉयच्या पाठीवर बर्फाचा थर चढला की ते उन्हात चमकतात. उचलून पाण्यात बुडवा, हाताने पुसा, पुन्हा ठेवा. ओढदोरीचा इथे वेगळाच फायदा दिसतो. दर काही मिनिटांनी ओढत राहिलात तर तेवढं पाणी गोठत नाही, आणि आजूबाजूला पापुद्रा धरलेला असताना उघडं पाणी हेच मोठं आमंत्रण असतं. हातमोजे मात्र रबरी हवेत, ओली दोरी लोकरीत बर्फ भरते.

निघताना क्रम पाळा. आधी बंदुका रिकाम्या. मग लपणाकडचं टोक सोडून कडीतून दोरी काढा, म्हणजे बंजीचा ताण जातो. ताण असताना खुंटी उपटलीत तर बंजी तोंडावर येते. दोरी लाकडी फळीवर किंवा एक्स्टेन्शन कॉर्डच्या रिळावर गुंडाळत खुंटीकडे चालत जा, वाटेत एकेक डिकॉय सोडून पिशवीत टाका. बंजी शेवटी. असं गुंडाळलं की पुढच्या वेळी खुंटीकडचं टोक वर येतं आणि अंधारात मांडायला तिथूनच सुरुवात होते.

दोरीचा एक तुकडाही तळ्यात सोडू नका. त्यात पाय अडकून पाणकोंबड्या आणि बगळे मरतात. दोरी, नांगर, कीलच्या खाचा यांना चिकटलेलं शेवाळ आणि पाणवनस्पती तिथेच काठावर काढून टाका, बोटीतलं पाणी काढा. मिनेसोटात हा कायदा आहे, कारण झेब्रा शिंपल्यांसारखे उपरे जीव असेच एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. घरी आल्यावर रीळ गॅरेजमध्ये उघडं करून वाळवा आणि स्विव्हलना तेलाचा एक थेंब द्या.